ज्येष्ठमधाची पुडी आणि एक प्रश्न

“वनस्पतीच ती, अपाय कसा होईल?” हे वाक्य आपल्या औषधालयांत नित्य ऐकू येते. २०२० च्या साथीत घरोघरी काढ्याचा परिपाठ रुजला, त्याचे आम्ही स्वागतच केले. परंतु चरकाचार्यांनी जीवनीय गणात घातलेला ज्येष्ठमधही महिनोन्महिने, मात्रेचा विचार न करता घेतल्यास त्यातील ग्लायसिरायझिनमुळे शरीरात क्षार व पाणी साठते, पोटॅशियम घटते, रक्तदाब चढतो. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असल्यास धोका अधिकच. घसा बसला म्हणून दोन दिवस कांडी चघळणे निराळे. रोजच्या चहात चमचाभर चूर्ण निराळे. पुडी बांधताना आपण काही विचारत नाही, हा दोष मात्र सर्वस्वी आपला. “रक्तदाबाची गोळी घेता का?” एवढे विचारल्यावाचून ज्येष्ठमध देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे, मग गिऱ्हाईक परत गेले तरी बेहत्तर.