गोदामामागची जीप आणि तिचा हिशेब

तालुक्याच्या बाजारपेठेत एखाद्या जुन्या पेढीच्या गोदामामागे अजूनही एक जीप उभी दिसते. धान्याच्या, कापसाच्या खरेदीसाठी आजोबा तिच्यातून खेडोपाडी हिंडलेले असतात. त्यांच्या पश्चात ती कोणी विकत नाही आणि कोणी चालवतही नाही. मग एके दिवशी नातू बॉनेट उघडून पाहतो आणि संध्याकाळच्या जेवणाला जाहीर करतो की, लाख-दीड लाखात गाडी उभी राहील, काम आपण घरीच करू. हा आकडा कोठून आला, हे त्याला कोणी विचारीत नाही. पोत्यामागे आठ आण्यांची घासाघीस करणारे घर येथे मात्र अबोल होते, कारण जीप आजोबांची असते.

नातवाचा उत्साह अगदीच निराधार नसतो. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि त्याच घराण्याची बांधणी पुढे कित्येक दशके चालू राहिली. त्यामुळे पाटे, ब्रेकचे सिलिंडर, गिअरपेटीतील दाते, इतकेच काय, पत्र्याची संपूर्ण बॉडीदेखील आजही मिळू शकते. इतर जुन्या मोटारींचे हे भाग्य नाही. परंतु सुटा भाग सहज मिळणे आणि गाडी स्वस्तात उभी राहणे या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक भाग किरकोळ वाटतो. असे शंभर किरकोळ भाग मिळून जो आकडा होतो, तो कोणी आधी मांडलेला नसतो.

वस्तुतः पहिला पाना नटबोल्टला नव्हे, नोंदणीपुस्तकाला लावावा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून या विलंबाला महिन्याला ५०० रुपये जादा शुल्क आहे. तीन वर्षांचा विसर म्हणजे १८,००० रुपये. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या हलक्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्कच १०,००० रुपये झाले आहे. पर्यावरण कर निराळा. पुस्तक आजोबांच्या नावावर असेल, तर वारसाच्या नावे करण्यासाठी नमुना ३१ भरावा लागतो. आणखी एक नोंद हमखास नजरेतून सुटते. गाडीवर कधीकाळी बँकेचे कर्ज होते, ते फिटले, पण बोजा उतरवायचा राहिला. त्यासाठी नमुना ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र हवे. ती शाखा दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असेल, तर हे पत्र मिळविण्यात इंजिन बांधण्याहून अधिक दिवस जाऊ शकतात. ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवू, असेही कोणी सुचवते. त्याला पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली गाडी लागते. कागद उभे राहणार नसतील, तर गाडी उभी करण्यात अर्थ नाही. हा निर्णय काही हजारांत होतो, म्हणून तो आधी व्हावा.

त्यानंतर गाडी खोलावी, आणि अंदाजपत्रक खोलल्यावरच लिहावे. बाहेरून दिसणारा गंज पत्र्याचा असतो. महागडा गंज चासीच्या आतल्या बाजूला, पाट्यांच्या खुंट्यांपाशी दडलेला असतो. चासीवर क्रमांक कोरलेला असल्याने ती हवी तशी बदलताही येत नाही. इंजिनाचेही तसेच. नुसत्या रिंगा आणि बेअरिंगवर भागेल, की क्रँक घासून घ्यावा लागेल, की तो पूर्वीच शेवटच्या मापापर्यंत घासून झाला आहे, हे लेथवाल्याने माप घेतल्याशिवाय कळत नाही. शेवटचे उत्तर आले, तर इंजिनाचा खर्च कितीतरी पटींनी वाढतो. दुसऱ्याच जातीचे इंजिन किंवा भलतीच रुंद चाके बसविण्याचा मोह येथेच होतो. निर्मात्याने ठरविलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल कायद्याला मान्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

घर बांधताना अंदाजापलीकडे दहा टक्के राखून ठेवले तरी बहुधा भागते. जुन्या जीपला मूळ अंदाजाचा तिसरा हिस्सा राखून ठेवणेही फार सढळ म्हणता येणार नाही. शिवाय बँक जशी घराचे कर्ज जोते, छत अशा टप्प्यांनी देते, तसेच घरानेही नातवाला पैसे टप्प्यांनी द्यावेत: चासी आणि ब्रेक, मग इंजिन, मग वायरिंग, रंग सर्वांत शेवटी. पहिला टप्पा पूर्ण होऊन त्याचा हिशेब समोर आल्याशिवाय दुसरा हप्ता नाही. इंजिन खोलल्यावर आकडा आवाक्याबाहेर गेला, तर तेथे थांबण्याची मुभा राहते. झालेला खर्च वाया जाऊ नये म्हणून आणखी खर्च करीत राहणे, हा व्यापारी घराला न शोभणारा व्यवहार आहे.

पैसा कोणत्या वहीतून जातो, हेही महत्त्वाचे. बिल दुकानाच्या नावे फाडावे, असे कोणी तरी सुचवितेच. घरच्या हौसेचा खर्च व्यवसायाचा खर्च ठरत नाही आणि अशा प्रवासी मोटारीच्या दुरुस्तीवर भरलेल्या जीएसटीची वजावटही सामान्य दुकानदाराला मिळत नाही. जीप पेढीच्याच नावावर असेल, तर दरसाल घसारा वजा होऊन तिची पुस्तकी किंमत नगण्य उरलेली असते. लेखापालाच्या सल्ल्याने ती आधी घराकडे घ्यावी आणि तिची स्वतंत्र वही घालावी. त्या वहीत पक्क्या बिलाचाच भाव धरावा. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के कर आहे. कच्च्या चिठ्ठीवर धरलेला अंदाज तेवढ्यानेच चुकतो.

घरचे श्रम फुकट समजले जातात, पण काळ फुकट नसतो. तीन लाख रुपये दोन वर्षे अडकले, तर दसादशे दहा टक्क्यांनी साठ हजार व्याज झाले. वेल्डिंग मशीन आणि चेनपुली भाड्याने मिळते, ती विकत घेऊ नये. मात्र गाडी उचलून धरणाऱ्या घोड्यांत काटकसर नको. विटांच्या चळतीवर टेकलेल्या जीपखाली मुलाने शिरणे, ही कोणत्याही घराला परवडणारी बचत नव्हे.

टायर आणि बॅटरी यांची खरेदी हौसेपोटी सर्वांत आधी होते. ती सर्वांत शेवटी व्हावी. दोन वर्षे उभ्या गाडीखाली नवे टायर नुसतेच म्हातारे होतात आणि न वापरलेली बॅटरी मरते. टायर मोजताना पाच मोजावेत. अंदाजपत्रकात स्टेपनी बहुधा विसरलेली असते.