सायकल आहे, पण रस्ता?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका काकूंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, ''काय गं, घरी सगळं ठीक आहे ना? गाडी विकली म्हणे!''

गाडी विकली नव्हती. अंगणात झाकून उभी होती. दिवाळीनंतर मी सायकलवरून जायला लागले होते, एवढंच. पण आमच्या तालुक्याच्या गावात पंचेचाळिशीची बाई सायकलवर दिसली की लोकांना दोनच कारणं सुचतात. एकतर परिस्थिती खालावली असेल, नाहीतर डॉक्टरांनी सांगितलं असेल.

खरं सांगायचं तर सुरुवात अडचणीतूनच झाली. गाडी आठ दिवस गॅरेजला होती. आमच्या बचत गटांचं केंद्र घरापासून चार किलोमीटर, हमरस्त्याच्या पलीकडे. रोज रिक्षा कोण करणार? लेकीची जुनी सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. ती पुसली, हवा भरली आणि निघाले. पहिले दोन दिवस पोटऱ्या भरून आल्या. आठव्या दिवशी गाडी दुरुस्त होऊन आली, पण मला तिची आठवण झाली नाही.

गाडीला मी नावं ठेवणार नाही. पंधरा वर्षांपूर्वी ती दारात आली तेव्हा ''ह्यांना वेळ मिळाला की जाऊ'' हे वाक्य माझ्या तोंडून गेलं, ते कायमचं. आजही पाऊस असला, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं असलं की गाडीच काढते. पण रोजच्या बारा किलोमीटरच्या फिरण्याला महिन्याला सात-आठ लिटर पेट्रोल लागायचं. लिटरला शंभर रुपये धरले तरी सातशे-आठशे रुपये झाले. घर चालवणाऱ्या बाईला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

पण आज मला बचतीबद्दल बोलायचं नाही. सायकलवर बसल्यावर मला जे दिसलं, त्याबद्दल बोलायचं आहे.

गाडीवरून जाताना तो चार किलोमीटरचा रस्ता मी कधी पाहिलाच नव्हता. सायकलवर बसले आणि कळलं, की डांबर संपतं तिथे वीतभर खोल कड आहे. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की खाली उतरायचं कुठे? उतरलं तर वाळूत चाक रुततं. हमरस्ता रुंद झाला, मधे दुभाजक आला, पण ओलांडायची जागा लांब गेली. म्हणून मग सगळे उलट्या बाजूने येतात. मीसुद्धा आले आहे, खोटं कशाला सांगू! संध्याकाळी सहानंतर दिवे नाहीत. मला उशीर झाला की घरून दोन-दोन फोन येतात.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी गेल्या वर्षी बारावी झाली. आठवीत असताना तिला सरकारी योजनेतून सायकल मिळाली होती. ती पाच वर्षं गावच्या आतल्या रस्त्याने शाळेला गेली, एक दिवस खाडा नाही. आता कॉलेज सहा किलोमीटरवर, हमरस्त्यापलीकडे. सायकल आहे, पोरीच्या पायात ताकद आहे, मार्क चांगले आहेत. तरी वडील म्हणाले, ''वर्षभर थांबू, मग बघू.'' 'मग बघू' याचा अर्थ आपल्याला माहीत आहे. पुढच्या उन्हाळ्यात स्थळं बघायला सुरुवात होते.

मी समजवायला गेले. म्हटलं, ''ताई, मी या वयात जाते ना सायकलवर?'' त्या म्हणाल्या, ''तुमचं येगळं हाय ताई. पोरीकडं सायकल हाय, पर रस्ता कुठंय?''

मला उत्तर देता आलं नाही.

विचार करा. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. एकेक निर्णय चांगलाच आहे. पण एकीकडे बारावीपर्यंत सायकल, दुसरीकडे पुढची फी माफ, आणि मधल्या सहा किलोमीटरचं काय? तिथे कुणाचंच लक्ष नाही. एसटीचं तिकीट अर्धं झालं, पण घरापासून स्टँडपर्यंत जायचं कसं? आणि सायकलवर गेलं तर दिवसभर ती कुणाच्या भरवशावर ठेवायची?

भीती खोटी आहे असंही नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यात जवळजवळ पाचातला एक पायी चालणारा होता. रस्ते वेगासाठी बांधले जातात, आणि हळू जाणाऱ्याला कडेला जागाच उरत नाही. हळू जाणारं कोण असतं? शाळेची पोरं, म्हातारी माणसं, डोक्यावर ओझं असलेल्या बाया.

बाईच्या हातात सायकल आली की काय होतं, हे आपल्या देशाने पाहिलं आहे. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत त्या वेळच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरांबरोबर सायकलही शिकवायचं ठरवलं. हजारो खेडवळ बाया सायकल शिकल्या. लेडीज सायकल मिळेना तर पुरुषांची घेतली. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकल देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अभ्यासकांनी तिचा हिशेब मांडला. मुलींची नववीतली पटसंख्या सुमारे तीस टक्क्यांनी वाढली आणि मुलगा-मुलगीमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली. कारण साधं आहे. अंतर कमी झालं की ''पोरीला लांब कशाला पाठवायची'' हे म्हणायला जागा राहत नाही.

मग आपल्याकडे ती जागा कोण शिल्लक ठेवतं? थोडा रस्ता ठेवतो, थोडे आपणही ठेवतो. हळदीकुंकवात ''गाडी विकली का'' असं विचारतो ना, तेव्हा बारावीची पोर ते ऐकत असते. सायकल म्हणजे गरिबी, हे ती आपल्याच तोंडून शिकते.

आम्ही गटातल्या बायकांनी मागण्यांचा कागद केला. डांबराच्या कडेला मुरूम टाकून कड भरून काढा, कॉलेजच्या वळणावर गतिरोधक आणि दिवे लावा, स्टँडवर सायकलींसाठी शेड करा, आणि हमरस्ता ओलांडायला धड जागा द्या. त्यावर बेचाळीस सह्या झाल्या. नगरपरिषदेत एक प्रत दिली, जिल्हा रस्ता सुरक्षा समितीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात दुसरी. दोन्हीकडून पोच घेतली आहे, ती जपून ठेवली आहे. अजून फक्त वळणावरचे दोन दिवे लागलेत.

त्या पोरीने प्रवेश घेतला. सध्या टमटमने जाते, रोजचे चाळीस रुपये. वडील दर आठवड्याला हिशेब करतात, आणि तो हिशेब कधी थांबेल याची तिला धास्ती आहे. सायकल दारातच उभी आहे. परवा मी बघितलं, तिने चेनला तेल घातलं होतं.

तुमच्या गावातही अशी एखादी सायकल दारात उभी असेल. उद्या जरा तिच्या मालकिणीला विचारा, अडलंय नेमकं कुठे? आणि मग तेवढं अंतर एकदा तिच्याबरोबर स्वतः सायकलवर जाऊन बघा.