शोध टर्मिनलमध्ये, दुरुस्ती खिडकीत

स्कॅन केलेल्या जुन्या मराठी पुस्तकांचा मजकूर तपासणं हे माझं काम. टेसरॅक्टसारखी प्रणाली पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखते, पण कधी ‘घ’चा ‘ध’ करते, कधी ‘भ’चा ‘म’. ढीगभर फायलींतून अशा चुका वेचायला टर्मिनलसारखं, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करायच्या चौकटीसारखं, साधन नाही. ‘ग्रेप’ ही शोधाची आज्ञा ‘-n’ या पर्यायासह दिली, की क्षणात फाईलचं नाव आणि ओळीचा क्रमांक समोर ठेवते. दुरुस्तीसाठी मात्र मी तिथूनच जीएडिट हा खिडकीत चालणारा एडिटर उघडतो. आधी एडिटरचं नाव, मग अधिक चिन्हाला चिकटून ओळीचा क्रमांक, मग फाईलचं नाव आणि शेवटी & हे चिन्ह. फाईल वेगळ्या खिडकीत नेमक्या त्या ओळीवर उघडते आणि & मुळे टर्मिनल पुढच्या शोधाला मोकळं राहतं.

खरा लिनक्सवाला ‘व्हीआय’ हा टर्मिनलमध्येच चालणारा एडिटर सोडून दुसरीकडे जात नाही, असं नवशिक्यांना बजावलं जातं. दूरच्या सर्व्हरवर काम करायचं तर ‘व्हीआय’ यायलाच हवं, हे मला मान्य आहे. पण तो नियम मराठी मजकुराला लावू नये.

टर्मिनलची चौकट १९७८च्या व्हीटी-१०० सारख्या यंत्रांकडून आलेली आहे : ८० रकाने, २४ ओळी, एका घरात एक अक्षर. देवनागरी अशी घरांत बसत नाही. ‘क्षितिज’मधला ‘क्षि’ संगणकात चार खुणांनी साठवला जातो : क, हलन्त, ष आणि वेलांटी. वेलांटी साठवली जाते सर्वांत शेवटी, दिसायला हवी सर्वांत आधी. अनेक टर्मिनलं इथेच अडखळतात. जोडाक्षर फुटतं, वेलांटी भलत्याच अक्षराला लागते, कर्सर एकीकडे दिसतो आणि खोडलं जातं दुसरीकडचं. जीएडिट किंवा केट हे एडिटर अक्षरजुळणीचं काम हार्फबझ या लायब्ररीकडून करून घेतात, म्हणून तिथे शब्द पुस्तकात असावा तसा दिसतो. अक्षरच धड दिसत नसेल, तर मुद्रितशोधकानं तपासायचं काय?

फायलींतल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या ‘गिट’ या साधनातही टर्मिनलमधून खिडकी उघडण्याची ही सोय आहे. जीएडिट हा एडिटर ‘वेट’ या पर्यायासह नेमून दिला, की बदलाची नोंद शुद्ध मराठीत लिहून फाईल बंद करेपर्यंत गिट थांबून राहतं.

मराठी विभागांनी आणि ग्रंथालयांनी हे मुद्दाम शिकवावं. जुन्या ग्रंथांचं काम करू पाहणाऱ्या मराठीच्या पदवीधराला प्रोग्रामिंग आलं नाही तरी चालेल. टर्मिनलमध्ये चूक शोधून ती खिडकीत उघडणं त्याला आलंच पाहिजे.