मिठी नको, कुटार द्या

२०२३ च्या फेब्रुवारीत माझ्या मोबाइलवर एक मेसेज आला होता. तुम्हालाही आला असेल. १४ फेब्रुवारीला गायीला मिठी मारा, असं आवाहन भारतीय पशु कल्याण मंडळानं केलं होतं. गायीला बिलगलं की मन भरून येतं, आनंद वाढतो, असं त्यात लिहिलेलं. देशभर त्याचं हसू झालं आणि १० तारखेलाच ते आवाहन मागं घेतलं गेलं.

मला काही हसू आलं नाही. तो मेसेज आला तेव्हा मी कोठ्यात बसलो होतो. आमच्या वऱ्हाडात गोठ्याला कोठा म्हणतात. कोठ्यात दोन खुंटे. एकाला हरण्या बांधलेला, दुसरा रिकामा. त्या खुंट्याचा मोऱ्या चार महिन्यांपूर्वी लम्पीनं गेला होता.

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. पोहरादेवीच्या शिवारात माझं सहा एकर कोरडवाहू रान आहे. पण ज्या गोष्टीवर आता मोठमोठे लोक बोलायला लागलेत, ती मी साठ वर्षं अंगानं भोगली आहे. म्हणून हे लिहितो. कोणाला राग आला तर येऊ द्या.

माझी नात पुण्याला मानसशास्त्र शिकते. सुट्टीत आली की कोठ्यात येऊन बसते. एकदा म्हणाली, "आबाजी, जनावराच्या सोबतीनं माणसाची तब्येत सुधारते, असे अभ्यास झालेत." मी म्हटलं, "वाचून दाखव बाई." तिनं दाखवलं. अमेरिकेत १९८० साली एक अभ्यास छापून आला. हृदयविकारानं दवाखान्यात गेलेले ९२ रुग्ण त्यांनी वर्षभर पाहिले. घरी जनावर पाळणारे ५३ होते, त्यातले ३ वर्षाच्या आत गेले. न पाळणारे ३९ होते, त्यातले ११ गेले. दुसरा अभ्यास स्वीडनचा, २०१७ चा. ३४ लाख माणसांच्या नोंदी बारा वर्षांपर्यंतच्या तपासल्या. एकट्यानं राहणाऱ्यांमध्ये ज्यांच्याकडे कुत्रा होता, त्यांच्यात मरणाचं प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी निघालं. हॉलंडात म्हणे लोक पैसे देऊन गायीला टेकून बसायला जातात.

मला यात खोटं काही वाटलं नाही. पण ऐकता ऐकता एक गोष्ट खटकली. या सगळ्यात जनावर म्हणजे कुत्रं, मांजर, नाहीतर घटकाभर टेकायला गाय. दिवसभर ज्याच्यासोबत घाम गाळला, ज्याच्या जिवावर घर खाल्लं, ते जनावर कुठं आहे? आणि ते गेल्यावर माणसाचं काय होतं, हे कोण मोजणार?

आमच्यासाठी ही गोष्ट नवी नाही. पोहरादेवी म्हणजे बंजाऱ्यांची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथं आहे. महाराज स्वतः गायी राखणारे. आमचे पूर्वज हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, त्याला लदेणी म्हणत. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, आणि असे लोहमार्ग वाढत गेले तसा तो धंदा बसला. रसेल आणि हिरालाल या दोघांचं १९१६ सालचं जातीजमातींवरचं पुस्तक आहे, त्यातलंही नातीनं वाचून दाखवलं. तांड्याच्या पुढं देवाचा एक बैल चालायचा. त्याच्या पाठीवर कधी ओझं नाही. अंगावर तांबड्या रेशमाच्या पट्ट्या, गळ्यात घंटा. तो थकून बसला की तिथंच मुक्काम. आणि तांड्यात कोणी आजारी पडलं की त्याला त्या बैलाच्या पायाशी नेत.

शिकलेला माणूस याला अंधश्रद्धा म्हणेल. म्हणू द्या. ताप बैलाच्या पायाशी उतरत नाही, हे मलाही कळतं. तापाला गोळीच लागते. पण घाबरलेल्या माणसाला मोठ्या, शांत जनावराजवळ बसवलं की त्याचा श्वास थाऱ्यावर येतो, हे आमच्या आज्या-पणज्यांना कोणत्याही अभ्यासाआधी माहीत होतं.

आता माझी गोष्ट सांगतो. ती आजवर घरच्यांनाही पुरती सांगितली नाही.

२००६ साल. कपाशीनं मागच्या दोन्ही वर्षी दगा दिलेला. सोसायटीचं कर्ज, वरून सावकाराचं. आमचा वाशीम धरून विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत रोज कोणाची ना कोणाची बातमी यायची. एका रात्री मीही घरातून निघालो. परत यायचं नाही, असंच मनात होतं. वाट कोठ्यावरून जाते. तेव्हा माझ्याकडे ढवळा आणि बांड्या ही जोडी होती. माझ्या पायाचा आवाज ऐकून बांड्या उठून उभा राहिला. तेव्हा ध्यानात आलं, दिवसभराच्या विचारात संध्याकाळी बैलांना पाणीच दाखवलं नव्हतं. म्हटलं, एवढं पाजून जाऊ. टाक्यातून बादल्या भरल्या. त्या दोघांनी तीन-तीन बादल्या पाणी ओढलं. बांड्यानं ओलं तोंड माझ्या छातीला पुसलं. मी तिथंच गव्हाणीला टेकून बसलो. पहाट झाली. सकाळी डवरणी होती. गेलो डवऱ्याला.

बैलानं मला वाचवलं, असली सिनेमातली गोष्ट मी सांगत नाही. बैल फक्त तहानलेला होता. पण त्याला पाणी पाजणारा माणूस मी होतो, दुसरा कोणी नव्हता. कर्जाच्या कागदावर माझी किंमत उणे होती आणि कोठ्यात माझ्याशिवाय अडत होतं. त्या रात्रीला एवढं पुरलं. सगळ्यांना पुरत नाही, हेही मला माहीत आहे. ज्यांच्या घरची माणसं गेली, त्यांच्याकडेही बैल होतेच. म्हणून कोणाच्या मनात असं काही येत असेल तर त्यानं घरी बोलावं, डॉक्टरकडे जावं. मी बोललो नाही, ती माझी चूक होती.

त्याच वर्षी पंतप्रधान विदर्भात येऊन गेले. ३,७५० कोटींचं पॅकेज आलं. त्यात अनुदानावर दुभत्या गायीही होत्या. हेतू चांगला असेल. पण ज्याच्या घरी एका जोडीपुरतं कुटार नाही, त्याच्या दारात ढेप आणि हिरवा चारा मागणारी गाय बांधली तर तिचा लळा लागायच्या आधी तिचा खर्च डोळ्यांत येतो. कुटार म्हणजे तूर, हरभरा, सोयाबीनचा भुसा. आमच्या कोरडवाहू भागात जनावर जगतं ते त्याच्यावर आणि कडब्यावर.

ढवळा-बांड्या थकल्यावर मोऱ्या-हरण्या आले. २०२२ च्या पावसाळ्यात लम्पी आली. आधी ताप, मग अंगभर गाठी, पाय सुजतात, जनावर खात नाही. चावणाऱ्या माश्या आणि गोचिडांमुळं पसरते. मोऱ्याच्या मानेवर पहिली गाठ दिसली तेव्हा मी समजलो, गोमाशी चावली. दोन दिवस तसेच गेले. मग धावाधाव केली. लस टोचली, इंजेक्शनं झाली, कडुलिंबाच्या पाण्यानं अंग धुतलं. नवव्या दिवशी तो बसला तो उठला नाही. जेसीबीनं खोल खड्डा खणला, चुना टाकला, त्यात ठेवला. बारा वर्षं ज्याच्या खांद्याला पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-लोणी चोळून पळसाच्या पानानं शेकलं, त्याला लोखंडी बकेटनं उचलताना पाहिलं.

सरकारनं लम्पीत मेलेल्या जनावरांना मदत ठरवली होती. गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. पंचनामा झाला, पैसेही मिळाले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार पुढची आहे.

हरण्या आठ दिवस रिकाम्या खुंट्याकडे तोंड करून उभा राहायचा. आणि मी रात्री दोन वाजता उठून कोठ्यात जायचो. घरची म्हणाली, "तुमी रातभर उठून कोठ्यात कायले जाता? दवाखान्यात तरी दाखवा एकदा." गेलो. बीपी पाहिलं, शुगर पाहिली, तंबाखू खाता का विचारलं. घरात कोणी वारलं का, तेही विचारलं. मी नाही म्हटलं. बैल मेला, हे सांगायची लाज वाटली. झोपेच्या गोळ्या घेऊन आलो.

मग नातीनं इंग्लंडचा एक अभ्यास सांगितला. २००१ साली तिकडे खुरकूताची मोठी साथ आली होती. साथ थांबवायला ६० लाखांवर जनावरं मारली. लँकेस्टर विद्यापीठाच्या लोकांनी कुंब्रिया भागातल्या ५४ माणसांना दीड वर्ष दर आठवड्याला डायरी लिहायला लावली. त्यात शेतकरी होते, बाकी गावकरी आणि साथीत काम केलेले लोकही होते. २००५ साली ते छापून आलं. माणसं शोकात होती. जुनी दृश्यं पुन्हा डोळ्यांसमोर यायची, पुन्हा असं काही होईल अशी भीती होती, सरकारवरचा विश्वास उडाला होता. हे ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की मी वेडा नाही.

गोऱ्या शेतकऱ्याच्या दुःखाची डायरी झाली. आमच्या दुःखाचा फक्त पंचनामा झाला.

आता कोणी म्हणेल, एवढा लळा होता तर म्हातारे बैल बाजारात का विकत होता? विकत होतो. ढवळा-बांड्या मीच विकले. कुठं जाणार ते ठाऊक होतं. बाजारातून मागं वळून न पाहता आलो आणि दोन दिवस जेवलो नाही. नांगरताना तुतारी टोचली आहे, रागानं मारलंही आहे. मी संत नाही. पण म्हाताऱ्या जोडीच्या पैशात भर घालूनच तरणी जोडी दारात यायची. २०१५ साली बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. ज्यांनी ती आणली त्यांना बैलाची दया आली असेल. पण म्हाताऱ्या बैलाच्या चाऱ्याचा भार एकट्या शेतकऱ्याच्या खांद्यावर ठेवून ते मोकळे झाले. म्हातारा बैल विकता येत नाही आणि पोसवत नाही, म्हणून पोरं म्हणतात, नवा घ्यायचाच कशाला? ट्रॅक्टर आहे, एकरी भाव ठरलेला आहे. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैल मिळून १ कोटी ५५ लाखांच्या आसपास होते. २०१९ ला १ कोटी ४० लाख राहिले. सगळा दोष कायद्याचा नाही. यंत्रं आली, चराईची ई-क्लास जमीन अतिक्रमणात गेली, गुराखी मिळत नाही. पण जनावर वाचवायची एवढी भाषा झाली आणि कोठे रिकामे होत गेले, हे खरं आहे.

दुसरं कोणी म्हणेल, हे अभ्यास पक्के नाहीत. बरोबर आहे. अमेरिकेतले हॅल हर्झॉग नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक हेच सांगतात, की काही अभ्यासांत फायदा दिसतो, काहींत दिसत नाही. कदाचित आधीच धडधाकट असलेला माणूसच कुत्रा पाळत असेल. मान्य. मग आमच्याकडे येऊन मोजा ना. ज्या घरची जोडी गेल्या पाच वर्षांत गेली आणि ज्या घरी अजून आहे, अशी घरं एकाच गावात शेजारी-शेजारी सापडतील. त्यांची झोप विचारा, दारू विचारा, बोलणं-चालणं विचारा. उत्तर माझ्याविरुद्ध आलं तरी मी मान्य करीन. पण न विचारताच आम्हाला मिठी शिकवू नका.

पोहरादेवीत आता नगाऱ्याच्या आकाराचं मोठं संग्रहालय झालं आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं. मला त्याचा अभिमान आहे. पाहुणे आले की मी स्वतः दाखवायला नेतो. पण ज्या बैलांच्या पाठीवर हा इतिहास चालला, ते बैल आमच्या पोरांना संग्रहालयातच पाहायला मिळावेत, एवढ्यासाठी ते बांधलं नसावं.

मागणं फार नाही. दहा एकरांच्या आतल्या ज्या शेतकऱ्याकडे बैलजोडी आहे, त्याला उन्हाळ्याचे चार महिने कुटार-कडब्याला मदत द्या. म्हातारा बैल शेतकऱ्यानं घरीच सांभाळला तर त्याच्या खाण्याचा वाटा सरकारनं उचलावा. ई-क्लास जमीन मोजून गुरांना मोकळी करा. आणि साथीत जनावर मेलं तर पंचनाम्याच्या कागदावर एक ओळ माणसासाठीही ठेवा. घरचे जेवतात का, झोपतात का, एवढं विचारा. आशाताई गावात येतातच. त्यांना तसं सांगा आणि त्या कामाचे पैसेही द्या.

हरण्या अजून आहे. एकट्या बैलाचं वखर चालत नाही, म्हणून पेरणीला मी ट्रॅक्टरच सांगतो. शेजारी म्हणतात, "आता कायले ठेवता गा त्याले? खातेच तं फक्त." मी उत्तर देत नाही. पहाटे चारला उठतो, त्याच्यापुढं कुटार टाकतो, बादली ठेवतो. तो पाणी पितो तोवर तिथंच उभा राहतो. झोपेच्या गोळ्या मागच्या वर्षीच बंद झाल्या आहेत. यंदा उन्हाळ्यात कुटाराचा भाव पुन्हा वाढला आहे.