गच्चीवरची छत्री

मासिक वर्गणीवांचून दूरचित्रवाणी पाहण्याचा छंद ज्यांस लावून घ्यावयाचा असेल, त्यांस २००४ सालीं सुरू झालेली सरकारी ‘डीडी फ्री डिश’ सेवा सोयीची आहे. तिचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंच, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. परभणीहून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारें ६० अंशांवर सांपडतो. गच्चीवर भाऊजींनीं डिशची छत्री किंचित् किंचित् फिरवावी व खालून मुलांनीं पडद्यावरील संकेताचा आंकडा ओरडून सांगावा, असा आमचा क्रम. अंगणांतला कडुनिंब आड येतो असें दिसतांच भाऊजी कुऱ्हाड मागूं लागले. सासूबाई म्हणाल्या, “झाड हलायचें नाहीं, छत्री हलेल.” ती चार हात सरकविली, आणि ‘सह्याद्री’ वाहिनी दिसूं लागली. छंदापायीं अंगणांतली सावली गेली नाहीं, हें समाधान मोठें.