पाऊणकीची सुट्टी

मार्च एण्ड आला की ऑफिसात दोन गोष्टी हमखास होतात. अकाउंट्सवाले दिसेनासे होतात आणि एचआरचा मेल येतो : उरलेल्या सुट्ट्या घ्या, नाहीतर लॅप्स! माझ्या तीन उरल्या होत्या. ग्रुपचा फंडा ठरलेला, ‘चल, गोवा!’ मी म्हटलं, समुद्रकाठचं शहरच बघायचंय ना? मग आपण राहतो ते काय आहे? ‘तुर्भे?’ सगळे असे हसले, जणू मी हनिमूनला एमआयडीसीत निघाले होते.

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. तुर्भे म्हणजे ठाणे-बेलापूर रोडचा ट्रॅफिक, ट्रक आणि ट्रान्स-हार्बरची गर्दी. इथे खाडी आहे हे कळतं ते लोकल वाशीच्या पुलावर आल्यावर. तेव्हाही आपलं डोकं मोबाइलमध्येच.

पहिल्या दिवशी पहाटे पाचला एपीएमसी गाठलं. सुट्टीत पाचला? अहो, नंतर झोपायला अख्खा दिवस असतो! मुंबईतल्या गर्दीतून घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडीच्या अलीकडे आणले गेले; भाजी आणि फळांचे बाजार १९९६ मध्ये आले. मार्चमध्ये फळबाजारात शिरलात की नाकच सांगतं, हापूस आलाय. देवगड, रत्नागिरीच्या पेट्या माथाड्यांच्या डोक्यावरून सपासप पुढे जातात. आपण फक्त कटिंग घेऊन कडेला उभं राहायचं. कोकणात जायला रजा पुरत नाही. इथे कोकण रोज रात्री ट्रकने येतं. मात्र सौदा पेटीचा, डझनाचा नाही. म्हणजे शेअर करायला माणसं हवीत. आम्ही तिघी होतो.

दुसऱ्या दिवशी बेलापूरजवळचं दिवाळे गाव. दुपारी एकला पोचले तर खाडीचं पाणी उतरलेलं आणि होड्या चिखलात निवांत. मासळीवाल्या मावशींना विचारलं, ताजे मासे कधी? ‘पानी चरलं का ये, बाय. आज एकादस, सवाआटची भरती.’ हे मोबाइलवर बघितलं का, विचारलं तर त्या हसल्या. हिशेब आजीच्या पाठांतरातल्या पाऊणकीचा. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ मिळते. एकादशी म्हणजे अकरा पाऊण सव्वाआठ. सकाळीही आणि रात्रीही, थोडं पुढेमागे. मध्ये साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला पाणी जोरात चढतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास सुस्त असतं, ते भांग. भरती रोज पाऊण तास लेट! आपली लोकल अशी लेट झाली तर आपण रेलरोको करू. पण हे शहर ज्या ९५ गावांच्या जमिनींवर उभं राहिलं, तिथल्या कितीतरी घरांचं घड्याळ अजून पाण्यावर चालतं.

मधल्या वेळात बेलापूर किल्ला बघितला. सिद्दी, पोर्तुगीज, चिमाजी अप्पांचे मराठे, इंग्रज... सगळ्यांना ही जागा हवी होती, कारण इथून पनवेलच्या खाडीच्या तोंडावर नजर ठेवता येते. आज थोडेच अवशेष उरलेत. संध्याकाळी पाणी चढलं, होड्या हलल्या आणि ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण मी कोळंबीच्या बाबतीत खरी करून दाखवली.

तिसरा दिवस द्वादशी. बारा पाऊण नऊ. साडेआठला नेरूळमध्ये, टी. एस. चाणक्यमागच्या पाणथळीवर हजर. आणि होते! शेकड्यांनी फ्लेमिंगो, एका पायावर, डुलक्या काढत. यांचीही शिफ्ट ड्यूटी असते. ओहोटीला ठाणे खाडीच्या चिखलात जेवण. भरतीने चिखल बुडाला की पाम बीच रोडलगतच्या उथळ तळ्यांवर आराम. त्यांचा गुलाबी रंगही खाण्यातून, म्हणजे शेवाळ आणि बारीक कोळंबीवर्गीय जिवांतून येतो. खाडीतल्या त्यांच्या जागेला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळालं. आराम करायच्या तळ्यांचं मात्र तसं नव्हतं. जवळच्याच डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी येण्याची वाट अडली, तळं सुकलं आणि २०२४ मध्ये तिथे फ्लेमिंगो मेले. हे ध्यानात आलं ते रोज तिथे फिरायला जाणाऱ्यांच्या. त्यांनी आरडाओरडा केला, फोटो काढले, पत्रं लिहिली. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने ते तळं संवर्धन राखीव म्हणून मंजूर केलं.

मला हा भाग फार लागला. पाणी आत आलं नाही हे ओळखायला ते कधी यायला हवं होतं, हे माहीत लागतं. लोकलचं टाइमटेबल आपल्याला तोंडपाठ असतं, खाडीचं कुणाला असतं?

तेव्हा गोव्याला जाल तेव्हा जाल. या रविवारी कुठली तिथी आहे ते कॅलेंडरात बघा आणि पाऊणने गुणा. उत्तर आठ-नऊच्या आसपास आलं तर सकाळी नेरूळला या. पेटी शेअर करायला चौथा माणूस आम्हाला हवाच आहे.