बुलेटवाल्यांची भाऊबंदकी

पहाटे साडेपाच. नळ स्टॉप. रस्त्यावर आम्ही, चार कुत्री आणि पेपरचे गठ्ठे सोडणारी पोरं, बस्स. चौदा बुलेट एका रांगेत उभ्या. एरवी या वेळेला ग्रुपमध्ये एकच गहन प्रश्न असतो, नाश्ता कुठे? गेल्या रविवारी मात्र विषय निघाला तो थेट वाटणीचा!

'आपण दोन ग्रुप करू या ना,' हिंजवडी गँगमधल्या एकाने ग्लोव्हज चढवता चढवता हळूच पिल्लू सोडलं. 'जुन्या गाड्यांचा वेगळा, नव्यांचा वेगळा. कुणाला कुणासाठी थांबायला नको.'

दोन सेकंद शांतता. आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. 'किक नाही ती बुलेट कसली?' इथपासून ते 'काका, तुमचं इंजिन तापेपर्यंत आम्ही माणगावला पोचतो!' इथपर्यंत.

आता तुमच्यापैकी काहींना सगळ्या बुलेट सारख्याच दिसत असतील. (माझ्या आईला दिसतात. तिच्या मते त्यांचे दोनच प्रकार, आवाज करणाऱ्या आणि जास्त आवाज करणाऱ्या.) त्यांच्यासाठी हा छोटासा क्लास.

१९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी सुरू झाली आणि इंग्लंडची बुलेट आपली झाली. तिचं कास्ट आयर्न इंजिन पुढे अर्धशतकभर टिकलं. गिअर उजव्या पायाला, मागचा ब्रेक डाव्या पायाला. सुरू करणं म्हणजे विधीच! आधी डीकॉम्प्रेशनचा लिव्हर ओढायचा, अँपिअर मीटरचा काटा मधोमध आणायचा, लिव्हर सोडायचा आणि मग सगळं वजन टाकून किक. चुकलात तर किक उलटी बसते आणि आठवडाभर लंगडायचं.

मग गिअर डावीकडे आला, प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि २००९ मध्ये क्लासिकबरोबर नवं यूसीई इंजिन आलं. यूसीई म्हणजे युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन. तोवर वेगळं बिऱ्हाड करून राहणारे इंजिन आणि गिअरबॉक्स आता एका घरात नांदायला लागले. २०२० मध्ये मिटिऑरसोबत तिसरी पिढी आली, जे सिरीज. २०२१ मध्ये क्लासिकला आणि २०२३ मध्ये खुद्द बुलेटलाही तेच इंजिन मिळालं. थरथर गायब, किक गायब, बटण दाबा आणि निघा. कागदावर फरक किती? जुनं इंजिन ३४६ सीसी, नवं ३४९. फक्त तीन सीसी! आणि त्या तीन सीसीवरून आमच्याकडे महाभारत.

मी स्वतः कुठे बसते? मधोमध. माझी २०१३ ची सेकंड हँड क्लासिक, म्हणजे यूसीई. कास्ट आयर्नवाले म्हणतात, 'तुझी ती बटणवाली.' हिंजवडी गँग म्हणते, 'तुझी ती कार्ब्युरेटरवाली.' धड ना इकडची, धड ना तिकडची. त्यामुळे वाटणीचं कळल्यावर माझा पहिला प्रश्न अगदी स्वार्थी होता. मी कुणाकडे जायचं?

खरं सांगायचं तर वेगळं व्हायला माझ्याकडे सॉलिड कारणं आहेत. एक नाही, दोन.

पहिलं कारण बाराशे रुपयांचं. मागच्या वर्षी माझ्या गाडीचं इंजिन टिकटिक करायला लागलं. ग्रुपमधल्या एका अनुभवी काकांनी कान लावून निदान केलं, 'टॅपेट ढिले झालेत. सेट करून घे.' मी आज्ञाधारकपणे गॅरेजला गेले. अर्धा दिवस आणि बाराशे रुपये गेल्यावर कळलं की माझ्या इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक आहेत. हाताने सेट करण्यासारखं तिथे काही नाहीच! ऑइल जुनं झालं होतं, ते बदललं, टिकटिक कमी झाली. काकांचं चुकलं का? त्यांच्या गाडीसाठी त्यांचा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. चुकलं एवढंच, की त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, गाडी कुठल्या पिढीची ते.

दुसरं कारण जास्त महाग पडलं असतं. आमच्या ग्रुपमध्ये एक सुभेदारकाका आहेत. आर्मीतून रिटायर झालेले, गाडी १९८७ ची, टाकीवर चेहरा दिसेल अशी ठेवलेली. ताम्हिणीच्या एका राइडला मी हट्टच धरला, 'काका, दहा मिनिटं द्या ना.' त्यांनी नीट बजावलं होतं, 'गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. विसरायचं नाही.' मी मान डोलावली. पहिली पाच मिनिटं स्वर्ग! आणि मग वळणावर समोरचा टेम्पो अचानक थांबला. डोक्याला माहीत होतं. पायाला नव्हतं. उजवा पाय सवयीने दाबला गेला आणि गाडी थांबायच्या ऐवजी वरच्या गिअरमध्ये गेली. मी कशीबशी हँडल वळवलं आणि साइडपट्टीच्या चिखलात आडवी झाले. कोपर सोललं, गुडघा सुजला, काकांच्या गाडीचा आरसा आणि इंडिकेटर गेले. टेम्पो जिथे उभा होता तिथे दरी असती तर हा कॉलम तुम्ही वाचत नसता.

काका धावत आले. गाडीकडे बघितलंच नाही. 'लागलं का गं कुठे?' एवढंच. आणि मग स्वतःवरच चिडले, 'चूक माझी. पाच वर्षांची सवय पाच मिनिटांत जात नसते.'

म्हणून गेल्या रविवारी सगळ्यात आधी 'होय, करा वेगळे' कोण म्हणालं असेल? सुभेदारकाकाच. 'पोरांनो, साठच्या पुढे माझी गाडी रडते. तुम्ही ऐंशी-नव्वदनं आरामात जाता. माझ्यासाठी दर घाटात ताटकळता. मला बरं नाही वाटत.'

आणि तिथेच मला कळलं की आपण चुकीच्या गोष्टीची वाटणी करतोय.

कारण पिढ्या पाडायच्या तर किती पाडणार? कास्ट आयर्न एक. मधले एव्हीएलवाले दोन. माझ्यासारखे कार्ब्युरेटरचे यूसीई तीन. २०२० मध्ये बीएस सिक्ससाठी फ्युएल इंजेक्शन लागलेले यूसीई चार. जे सिरीज पाच. माणसं चौदा, ग्रुप पाच! राइडला जाणार की रांगेत उभं राहून जनगणना करणार?

दुसरं म्हणजे, कुठल्याच पिढीला सगळं येत नाही. मागच्या महिन्यात मुळशीजवळ हिंजवडी गँगमधल्या एकाची नवीकोरी गाडी बंद पडली. बॅटरी पूर्ण डाऊन. कास्ट आयर्नवाल्यांनी बाह्या सरसावल्या, 'दुसऱ्या गिअरला टाक, धक्का देतो!' तीनदा धक्का दिला, ढिम्म. फ्युएल इंजेक्शनचा पंपच विजेवर चालतो, पेट्रोल येणार कुठून? शेवटी माझ्या बॅटरीला केबल लावून ती सुरू केली. आणि परतताना एका कास्ट आयर्नचा स्पार्क गेला, तर नव्या पोरांना काहीच सुधरेना. काकांनी खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला, सीबी पॉइंट घासले, एक किक, काम तमाम!

हे फक्त आमच्या घरातलं भांडण नाही बरं का. जावाचंही तेच. म्हैसूरचा जुना कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, २०१८ मध्ये जावा पुन्हा बाजारात आली ती फोर स्ट्रोक इंजिन घेऊन. टू स्ट्रोकच्या धुरावर वाढलेल्या मंडळींनी नाकं मुरडलीच. आपल्या तरुणपणाचा आवाज दुसऱ्या कुणाच्या गाडीतून वेगळा येतो, याचं दुःख असतं ते. तीन सीसीचं नसतं.

म्हणून मी रस्त्यातच माझा फंडा मांडला. वाटणी करायची, पण तीन गोष्टींची. एक, सल्ल्याची. प्रत्येक गाडीवर वर्ष आणि इंजिनचा स्टिकर. आधी स्टिकर वाचायचा, मग तोंड उघडायचं. दुरुस्तीच्या गप्पा ज्याच्या त्याच्या पिढीत. दोन, चावीची. गिअरची बाजू वेगळी असेल तर घाटात गाडीची अदलाबदल बंद. हौस असेल तर रिकाम्या मैदानात तासभर प्रॅक्टिस. तीन, वेगाची. साठवाले अर्धा तास आधी निघतील, नव्वदवाले नंतर. कुणी कुणासाठी ताटकळणार नाही. राहिलेलं सगळं, म्हणजे रस्ता, पाऊस, पंक्चर, फर्स्ट एड आणि बिल कुणी द्यायचं यावरची भांडणं, एकत्रच.

हिंजवडी गँगने एकमेकांकडे बघितलं. 'चालेल,' पिल्लू सोडणाराच म्हणाला, 'पावसाळाभर ट्रायल घेऊ.'

सुभेदारकाका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'ठीक आहे. घराची वाटणी झाली तरी देवघर एकच ठेवतात.'

आमचं देवघर म्हणजे ताम्हिणीच्या अलीकडची ती पत्र्याची चहाची टपरी. येत्या रविवारी काका पाच वाजताच निघणार आहेत. मी साठवाल्यांत नाव दिलंय. माझी गाडी ऐंशीने जाते, पण त्या आरशाचे पैसे काकांनी अजून घेतलेले नाहीत, आणि एकटं निघणाऱ्या माणसाच्या मागे कुणीतरी असलेलं बरं.